टायर रस्ता धरतो कसा?

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांच्या स्पोर्ट्स कारचे चारही टायर गोटा झालेत. गाडीबरोबर आलेला मूळ टायर लवकर मिळत नाही. दुकानदाराने तीन पर्याय दाखवले आणि त्यातल्या सर्वांत महागड्याची शिफारस ‘हा रेसट्रॅकवरचा आहे’ अशी केली. रोजचे येणेजाणे पुणे-सोलापूर महामार्गाने, पावसाळ्यात एखादी चक्कर ताम्हिणीला नाहीतर महाबळेश्वरला. कोणता टायर घ्यावा?

उत्तर आधीच देऊन टाकतो: ओल्या रस्त्यावर जो सर्वांत कमी अंतरात थांबतो, तो. ट्रॅकवरचा नव्हे. पण या उत्तरामागचे विज्ञान फार सुंदर आहे आणि ज्याने ते उलगडले त्याचे नाव टायरच्या जाहिरातींत कधी येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

घर्षणाचे नियम आपण शाळेत शिकलो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितके दाबले जातील तितके घर्षण जास्त. वेगाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. लाकूड आणि लोखंड हे बऱ्यापैकी पाळतात. रबर पाळत नाही. वेग बदला, घर्षण बदलते. तापमान बदला, पुन्हा बदलते. एका मिश्रणाचे मोजमाप दुसऱ्याला लागू पडत नाही. या गोंधळात शिस्त आहे, हे इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटी इथल्या रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या के. ए. ग्रोश यांनी दाखवले. त्यांचा शोधनिबंध रॉयल सोसायटीने 1963 मध्ये छापला.

ग्रोश यांची युक्ती पाहा. टायरचा अभ्यास करायचा तर वेग हवा, असे कुणालाही वाटेल. पण वेगाने घासले की रबर तापते आणि मग परिणाम वेगाचा की तापमानाचा, हे कळत नाही. म्हणून त्यांनी रबराचे तुकडे काचेवरून आणि खरकागदासारख्या खरबरीत पृष्ठभागावरून अगदी संथ ओढले, सेकंदाला जेमतेम काही सेंटिमीटर. वेग वाढवण्याऐवजी त्यांनी तापमान बदलले: गोठणबिंदूच्या कितीतरी खालपासून पार गरमपर्यंत. मग प्रत्येक तापमानाचा आलेख थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे सरकवला, आणि सगळे तुकडे जुळून एकच सलग वक्र तयार झाला. थंड रबर संथ ओढणे आणि गरम रबर वेगाने ओढणे, दोन्ही एकच!

कुरकुंभ-दौंड भागातल्या वाचकांनी हे गुऱ्हाळात पाहिलेले असते. काहिलीतून उतरवलेला, अर्धवट निवलेला गूळ बोटाने हळू दाबला तर दबतो. त्यावर एकदम फटका मारला तर तो तुकडा उडावा तसा तुटतो. गूळ तोच, तापमान तेच. पण झटक्याला तो थंड गुळासारखा वागतो. रबराच्या लांबलचक रेणूंचेही असेच आहे. त्यांना वळायला वेळ दिला तर ते लवचिक. वेळ दिला नाही तर ताठर. आणि या दोन टोकांच्या मध्ये एक जागा अशी असते, जिथे रेणू वळतात पण रखडत वळतात, आणि त्या रखडण्यात ऊर्जेची उष्णता होते. रबराची पकड सर्वांत जास्त असते ती याच पट्ट्यात.

ग्रोश यांना त्या वक्रावर खरबरीत पृष्ठभागासाठी दोन वेगळी कारणे दिसली. एक, रबराचे रेणू पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. दुसरे, पृष्ठभागावरचे उंचवटे रबराला आत दाबत जातात आणि रबर पूर्ण उसळी घेण्याआधी पुढे निघून जातात. मध्ये मॅग्नेशियाची बारीक पूड टाकताच पहिला परिणाम नाहीसा झाला, दुसरा राहिला. पावसाचे पाणी नेमके या पुडीचे काम करते. रस्ता भिजला की चिकटण्याची मदत बरीचशी जाते. भरवसा उरतो तो खडीच्या टोकांवर दबून ऊर्जा गमावणाऱ्या रबराचा.

आता थोडा हिशेब. ब्रेक लागून टायर सेकंदाला 10 मीटर घसरतो आहे आणि रस्त्यावरचे दाणे एकेक मिलिमीटरवर आहेत, असे धरा. रबराला सेकंदाला 10,000 धक्के बसतात. साधे फिरताना मात्र, ताशी 100 किलोमीटरलाही, टायरचा एखादा भाग सेकंदाला सुमारे 14 वेळाच दबतो. घसरताना ऊर्जा गमावणारे रबर हवे, फिरताना न गमावणारे. नाहीतर पेट्रोल जळते. ग्रोश यांच्या वक्रामुळे प्रयोगशाळेत याची चाचणी सोपी झाली: 0 अंशाजवळ रबर किती ऊर्जा गमावते त्यावरून ओल्या रस्त्यावरची पकड कळते, 60 अंशांजवळ किती गमावते त्यावरून इंधनखर्च. रबरात मिसळल्या जाणाऱ्या काजळीच्या जोडीला सिलिका घालून या दोन्ही गोष्टी एकाच मिश्रणात साधण्याची वाट मिशेलिनने 1992 पासून बाजारात रुळवली. आजच्या चांगल्या परफॉर्मन्स टायरच्या मागे हीच रसायनविद्या आहे.

या रसायनविद्येचा एक धागा खुद्द कुरकुंभपर्यंत येतो. गंधकाने रबर पक्के करण्याचे श्रेय चार्ल्स गुडइयरला मिळते, पण ही क्रिया कारखान्याला परवडेल इतकी जलद झाली ती अमेरिकेतल्या अॅक्रनच्या जॉर्ज ओन्सलेगरमुळे. त्याने 1906 मध्ये अॅनिलिन या अमाइनचा वापर करून दाखवला. आजही रबर रसायनांच्या उद्योगाला अमाइन लागतात, आणि अल्काइल अमाइन्सचा एक कारखाना कुरकुंभच्या वसाहतीत आहे.

आता दुकानदाराच्या ट्रॅक टायरकडे. त्याचे मिश्रण जोरात वळणे घेऊन चांगले तापल्यावर काम करावे, असे बनवलेले असते. मे महिन्यातल्या कुरकुंभच्या तापलेल्या डांबरावर तो बरा वाटेलही. पण धोका जुलैत आहे. घाटात पाऊस, रस्ता 20-22 अंशांवर, आणि या टायरच्या खाचा कमी खोल. अमेरिकेच्या नासातील वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या धावपट्टीवरील अपघातांसाठी 1963 मध्ये एक सूत्र दिले होते: साचलेले पाणी खाचांच्या खोलीपेक्षा जास्त झाले की टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगू लागेल, हे टायरमधल्या हवेच्या दाबावरून काढता येते. हवा 32 पीएसआय असेल तर सुमारे ताशी 94 किलोमीटर. हवा 24 वर उतरलेली असेल तर सुमारे 82. गाडी कितीही महाग असो, टायर तरंगला की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही गेले. म्हणून दाब सांभाळायलाच हवा, पण त्यासाठी नायट्रोजन भरून घेण्याचा आग्रह मला पटत नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला हवा मोजणे यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचे.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे बाजूला छापलेला ‘ट्रेडवेअर’ आकडा. 200 म्हणजे मऊ आणि चिकट, 400 म्हणजे टिकाऊ, असे सर्रास सांगितले जाते. पण तो आकडा उत्पादक स्वतःच ठरवून देतो. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो ठीक. दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये.

प्रत्यक्ष खरेदीत क्रम असा ठेवावा. आकार गाडीच्या पुस्तिकेतलाच. 245/40 आर 18 97 वाय असे असेल, तर 97 म्हणजे एका टायरला 730 किलो आणि वाय म्हणजे ताशी 300 किलोमीटरची क्षमता. भाराचा आणि वेगाचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा खाली नको. मग बनावटीची तारीख: 1825 म्हणजे 2025 चा अठरावा आठवडा. जून 2020 मध्ये टायरच्या आयातीला परवाना लागू झाल्यापासून विशिष्ट मापे शोधावी लागतात आणि जुना माल गळ्यात पडण्याची शक्यता असते, म्हणून ही तारीख स्वतः वाचावी. चारही टायर एकाच प्रकारचे घ्यावेत. कायद्याने खाच 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, पण घाटात पावसात जाणाऱ्याने तिथवर थांबू नये.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, ओल्या रस्त्यावरची श्रेणी. युरोपात 2012 पासून टायरच्या लेबलवर ती छापावी लागते. सध्या ती ए ते ई अशी आहे. ताशी 80 वरून ब्रेक मारला तर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या श्रेणीत सुमारे 18 मीटरचा फरक पडू शकतो, म्हणजे चार गाड्यांच्या लांबीइतका. त्याच नावाचा टायर दुसऱ्या कारखान्यात वेगळ्या मिश्रणाचा असू शकतो, तेव्हा आपल्या मापाच्या, आपल्याला मिळणाऱ्या टायरचीच श्रेणी विचारावी. आपल्याकडेही टायरने किमान पकडीची कसोटी उत्तीर्ण व्हावी असे मानक आहे. पण नुसते पास की नापास एवढ्यावर ग्राहकाने समाधान का मानावे? किती गुणांनी पास, हे कळण्याचा हक्क पैसे मोजणाऱ्याला आहे. दुकानात तो प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर उत्तर देणे कंपन्यांना भाग पडेल.