कॅमेरा घेताना – भाग ६ : सुपरझूम सोडायचा का?

हिवाळा लागला की चिखलीतल्या हौशी छायाचित्रकारांच्या मोटारसायकली पाण्याच्या दिशेनं निघतात. कुणी बुलढाण्याच्या वाटेवरचं येळगाव धरण गाठतो, कुणी खडकपूर्णेच्या संत चोखासागरावर जातो, दिवस मोकळा असला तर लोणार. गळ्यात निकॉनचा पी९०० नाहीतर कॅननचा एसएक्स७० असे सुपरझूम असतात. एक-दोन हिवाळे त्यावर निभतात. मग कुणाचा तरी डीएसएलआरवर काढलेला फोटो मोबाइलवर येऊन पडतो आणि प्रश्न डोकं वर काढतो : आता आपणही डीएसएलआर घेऊन टाकावा का?

दुकानदाराचं उत्तर तयारच असतं. सेन्सर मोठा, फोटो चांगला. गेल्या भागात सेन्सरची मापं आलीच आहेत. पी९००चा सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, तर निकॉनच्या डी३५०० या साध्या डीएसएलआरचा २३.५ बाय १५.६चा. क्षेत्रफळात सुमारे तेरा पट फरक. एवढं ऐकल्यावर गिऱ्हाईक खिशात हात घालणारच.

पण धरणाच्या काठी हे तेरा पट कामाला येत नाहीत. का, ते एका भागाकारातून कळतं. लेन्सच्या फोकल लेंग्थला एफ-आकड्यानं भागलं की भिंगाचं तोंड किती मिलिमीटर उघडं आहे ते निघतं. पी९००च्या खोक्यावर २००० मिलिमीटर छापलेलं असतं, तो ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबातला आकडा. खरी फोकल लेंग्थ लांबच्या टोकाला ३५७ मिलिमीटर आणि तिथला ॲपर्चर एफ ६.५. भागाकार येतो ५५. डी३५००वर लोक हमखास लावतात ती ७०-३०० एफ ६.३ लेन्स घ्या : ३०० भागिले ६.३, म्हणजे ४८. तारेवर बसलेल्या खंड्याकडून येणारा प्रकाश या तोंडातूनच आत शिरतो. तो जेवढा शिरला तेवढाच. मागचा सेन्सर कितीही ऐसपैस असला तरी त्यात भर घालू शकत नाही.

पुढचा हिशेब आणखी गमतीचा आहे. डी३५००वर ३०० मिलिमीटरची लेन्स फिल्मच्या मापात ४५० होते. पी९००वर चौकट भरून टाकणारा पक्षी इथं मधल्या एवढ्याशा तुकड्यात मावतो. तो कापून मोठा केला, तर २४ मेगापिक्सेलपैकी हाती उरतात साधारण १.२ मेगापिक्सेल. अर्थात पी९००चे १६ मेगापिक्सेलही सगळे खरे नव्हेत. एफ ६.५वर प्रकाशाच्या लहरीच इतक्या पसरतात की एकेक ठिपका सेन्सरवरच्या पाच-सहा पिक्सेलच्या रुंदीभर फैलावतो. शिवाय कडक उन्हातली हवेची थरथर आहेच. त्यामुळे पिसांचा तपशील दोन्हीकडे जवळपास सारखाच उमटतो. या ७०-३००सकट 'ड्युअल लेन्स किट' मोठ्या हौसेनं घरी आणणाऱ्या पक्षीवेड्याचा पहिला रविवार हिरमुसला जातो तो यामुळेच.

आता झूम पूर्ण मागे घ्या, चित्र उलटतं. रुंद टोकाला पी९००ची फोकल लेंग्थ ४.३ आणि ॲपर्चर एफ २.८, तोंड दीड मिलिमीटर. डीएसएलआरची साधी १८-५५ किट लेन्स १८ मिलिमीटरवर एफ ३.५ असते, म्हणजे तोंड पाच मिलिमीटरहून थोडं जास्त. क्षेत्रफळाच्या हिशेबात प्रकाश अकरा पट! ३५ मिलिमीटर एफ १.८ची लहानशी प्राइम लेन्स लावली तर हेच तोंड १९ मिलिमीटरचं होतं. मंगल कार्यालयातली रात्रीची वरात, सैलानीच्या यात्रेतली नारळांची होळी, स्नेहसंमेलनाचा रंगमंच, जिथं उजेड कमी आणि माणसं हलती, तिथं सुपरझूमच्या फोटोत नॉइजचा रवा सांडतो आणि डीएसएलआर हसत काम करतो. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या छतावरची शिल्पं मात्र जागची हलत नाहीत. ट्रायपॉड लावायला मुभा असेल, तर शटर दोन-तीन सेकंद उघडं ठेवून सुपरझूमवरही ती छान येतात.

उडत्या पक्ष्याची गोष्ट वेगळी. पी९०० सेकंदाला सात फोटो काढतो खरा, पण सात झाले की कार्डावर लिहीत बसतो. तोवर बगळा पलीकडच्या काठाला पोहोचलेला असतो. पी९००चा फोकस कॉन्ट्रास्ट चाचपत पुढे-मागे होतो. डीएसएलआरचा फेज-डिटेक्शन फोकस कोणत्या बाजूला आणि किती सरकायचं हे ओळखून थेट तिथं जातो. शिवाय आरशातून दिसणारं दृश्य क्षणभरही मागे पडत नाही. आणखी एक उणीव : पी९०० रॉ फाइल देतच नाही. २०२०च्या पी९५०मध्ये निकॉननं ती सोय दिली.

मग लांबच्या टोकालाही डीएसएलआर सरस ठरवायचा असेल तर? त्याला काचेची किंमत मोजावी लागते. निकॉनची २००-५०० एफ ५.६ लेन्स ८९ मिलिमीटर तोंडाची. पी९००च्या अडीच पटींहून जास्त प्रकाश घेते. ज्ञानगंगा अभयारण्यात सूर्य कलल्यावर बाहेर पडणाऱ्या अस्वलासाठी हा फरक मोलाचा आहे. पण एकट्या लेन्सचं वजन २.३ किलो, डी७५०० बॉडीसह तीन किलो. पी९०० अख्खा ९०० ग्रॅमचा.

त्यात डीएसएलआर ही जात आता मावळतीला लागली आहे. कॅननचा वन-डीएक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी६ हे दोघांचे बिनीचे डीएसएलआर २०२०चे. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी आपला जोर आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर लावला. याचा एक फायदा असा की जुन्या बॉडी आणि लेन्स सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतात. निकॉनचा एफ माउंट तर १९५९पासूनचा, लेन्सांना तोटा नाही. फक्त एक पाहून घ्यावं : डी३५००सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स तिच्यावर हातानंच फिरवाव्या लागतात.

नवंच घ्यायचं तर कॅननचा मिररलेस आर१० आणि आरएफ १००-४०० ही जोडी तपासण्यासारखी आहे. ४०० भागिले ८, तोंड ५० मिलिमीटर. प्रकाश पी९००पेक्षा काकणभर कमीच. पण पक्ष्याचा डोळा शोधून त्याला धरून ठेवणारा फोकस, रॉ फाइल आणि वजन एक किलोच्या थोडं वर. येळगावच्या काठी उडते पक्षी टिपायचे असतील, तर तीन किलोच्या डीएसएलआर संचाआधी हा पर्याय पाहावा.

पैसे काढण्याआधी एक काम घरबसल्या होतं. गेल्या वर्षभरातले आवडते शंभर फोटो कॉम्प्युटरवर उघडावेत आणि प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये फोकल लेंग्थ पाहावी. बहुतेक फोटो झूमच्या लांब टोकाचे, भर उन्हातले आणि बसलेल्या पक्ष्यांचे निघाले, तर सुपरझूम राहू द्यावा. चंद्राचे फोटो काढण्याच्या हौसेलाही तो पुरेसा आहे. बहुतेक फोटो घरातले, लग्नातले, यात्रेतले असतील, तर जुनी डीएसएलआर बॉडी आणि ती ३५ मिलिमीटरची प्राइम एवढ्यावर भागेल. ७०-३००च्या नादी लागू नये. सुपरझूम विकायचीही घाई नको, कारण विकून हाती फारसं येत नाही आणि लांबच्या फोटोंना तो लागतोच.

सेकंडहँड बॉडीचा शटर काउंट कसा तपासायचा आणि लेन्समधली बुरशी टॉर्चच्या उजेडात कशी ओळखायची, ते पुढच्या भागात.