राक्षस मुळात पाहिला कोणी?

आजचा विषय प्रमाणविचाराचा आहे, पण सुरुवात आपण मुलांच्या एका चित्रपटापासून करू. 'द सी बीस्ट' हा ख्रिस विल्यम्स यांनी दिग्दर्शित केलेला २०२२ सालचा ॲनिमेशनपट. मेझी ही अनाथ मुलगी समुद्री राक्षस मारणाऱ्या शिकाऱ्यांच्या शौर्यकथा वाचत वाढते आणि लपूनछपून त्यांच्याच जहाजावर चढते. पुढे ज्या लाल, अजस्र प्राण्याची सगळ्यांना धास्ती, त्याच्याच सहवासात तिला राहावं लागतं. बघते तर काय, डिवचलं नाही तर तो कुणाच्या वाटेला जात नाही! मग पुस्तकातलं ते सगळं आलं कुठून? शेवटी उलगडा होतो : तो इतिहास राजघराण्यानंच रचलेला. लोकांची भीती टिकली तर राज्य वाढणार होतं.

आपलं न्यायदर्शन 'शब्द' हे प्रमाण मानतं, पण अट घालून. सांगणारा 'आप्त' हवा, म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगणारा. मेझीची पुस्तकं या अटीतच नापास होतात.

आता आपल्या हट्ट्याच्या शिवारात या. धामण दिसली की काठी उचलली जाते. का, तर ती म्हणे गाई-म्हशींचं दूध पिते, पायांना विळखा घालते. सापाच्या तोंडाची रचनाच दूध ओढण्याजोगी नसते. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, म्हणजे शेतकऱ्याच्याच कामाची. औंढ्याला नागनाथापुढं हात जोडायचे, नागपंचमीला पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी बांधावर धामण ठेचायची, हे कसं जमतं आपल्याला?

पण थांबा. यावरून 'कोणताच साप वाईट नाही' असा निष्कर्ष काढाल तर तीही ऐकीव गोष्टच झाली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचा दंश जीव घेतो. म्हणून ओळखू येत नसेल तर लांब राहा, सर्पमित्राला बोलवा. आणि दंश झालाच तर मंत्र-उतारा न करता थेट दवाखाना गाठा. भीती वाईट नाही, न तपासलेली भीती वाईट.

घरी मुलांबरोबर हा चित्रपट जरूर बघा. मग त्यांना, आणि आपण स्वतःलाही, एवढंच विचारू : हे तुला कोणी सांगितलं? आणि त्यानं ते स्वतः पाहिलं होतं का?