इंधननळीची वाट
१९०८ साली अमेरिकेत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीत इंधनाचा पंप नव्हता. आसनाखालील टाकीतले पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने कार्ब्युरेटरकडे वाहत असे. टाकी अर्धीमुर्धी असता तीव्र चढ लागला, की कार्ब्युरेटर पेट्रोलच्या पातळीहून उंच होई आणि एंजिन बंद पडे. मग चालक गाडी वळवून चढ उलट चढत!

पुढे पंप आला आणि ही कसरत संपली. मात्र नळी धुराड्याच्या तप्त नळीलगत नेल्यास आतील पेट्रोलची वाफ होते. द्रवासाठी घडविलेला पंप ती वाफ नुसतीच दाबत राहतो. पेट्रोल पुढे सरकत नाही. म्हणून जुन्या मोटारीची नळी बदलताना जाणता कारागीर ती उष्णतेपासून दूर, सांगाड्याच्या कडेने नेतो. घाटात थांबलेल्या मोटारीच्या पंपावर ओले फडके दिसे, ते ही वाफ निवविण्यासाठीच.