फळे व भाज्यांतील स्निग्धांश

बहुतेक फळे व भाज्या यांमध्ये स्निग्धांश, म्हणजे तेल-तुपाच्या जातीचा अंश, 100 ग्रॅममागे 1 ग्रॅमहूनही कमी असतो, कारण वनस्पती गरामध्ये मुख्यतः शर्करा व पिष्ट साठवते आणि तेल प्रायः बीजासाठी राखून ठेवते. अव्होकॅडो हा याला ठळक अपवाद असून त्याच्या गरातच सुमारे 15 टक्के स्निग्धांश असतो. ओल्या खोबऱ्यात तो सुमारे 33 टक्के, तर सुक्यात 60 टक्क्यांहून अधिक भरतो; मात्र खोबरे म्हणजे अंकुराला पोसणारा बीजातील भ्रूणपोष होय, हे विसरता कामा नये. उलट, बहुतेक भाज्यांप्रमाणेच स्निग्धांश अत्यल्प असलेल्या गाजरातील कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते; त्यामुळे गाजराच्या कोशिंबिरीवर घातलेली तेलाची चमचाभर फोडणी कॅरोटीनच्या आतड्यातील शोषणास खरोखरच हातभार लावते.