शेवाळाची साक्ष: कुठे खरी, कुठे अपुरी

खाडीच्या खडकांवर हिरवे शेवाळ माजले की 'गटाराचे पाणी येतंय' असा निकाल लगेच दिला जातो. तो घाईचा आहे. शेवाळ नायट्रोजन मिळाला की फोफावते. तो शौचालयातला की शेतातला, हे त्याच्या रंगावरून कळत नाही. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर साचणाऱ्या शेवाळाला मुख्यतः शेती आणि पशुपालनातला नायट्रेट जबाबदार आहे.

उगम कळतो तो शेवाळाच्या पेशींत. नायट्रोजनचे दोन स्थिर समस्थानिक आहेत: हलका नायट्रोजन-१४ आणि किंचित जड नायट्रोजन-१५. हवेत जड जेमतेम ०.३७ टक्के. युरियासारखी खते हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतात, म्हणून त्यांतले प्रमाणही जवळपास तेवढेच. मैल्याची गोष्ट वेगळी. त्यातून अमोनिया उडून जाताना, किंवा प्रक्रिया केंद्रातले जिवाणू नायट्रेटचा वायू करताना, हलका नायट्रोजन आधी निसटतो. मागे उरलेल्यात जडाचे प्रमाण वाढते आणि शेवाळ तेच शोषते.

मग जड नायट्रोजन जितका जास्त तितकी घाण जास्त? हा गैरसमज तर अभ्यासू मंडळींचाही होतो. ताज्या, प्रक्रिया न केलेल्या मैल्यात ही वाढ कमी असते. त्यामुळे थेट सोडलेल्या नाल्याजवळचा आकडा प्रक्रिया केंद्राच्या नळाजवळच्या आकड्याहून लहान निघू शकतो. शिवाय शेणखताची खूणही मैल्यासारखीच दिसते. जोडीला सुक्रॅलोजसारखे कृत्रिम गोडवे तपासले तर उलगडा होतो. गुरे काही शुगर-फ्री चहा पीत नाहीत.

'त्यापेक्षा बाटलीभर पाणीच तपासा ना!' पण बाटलीत त्या क्षणाचे पाणी येते, भरती-ओहोटीनंतर ते बदललेले असते. शेवाळ मात्र दिवसचे दिवस नायट्रोजन साठवत राहते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या मोर्टन उपसागरात संशोधकांनी कांदळवनातले लाल शेवाळ पारदर्शक डब्यांत घालून ठिकठिकाणी चार दिवस पाण्यात टांगले आणि सांडपाणी कुठवर पसरते याचा नकाशाच काढला. २००१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे प्रक्रिया केंद्रे सुधारल्यावर काय फरक पडला, हेही याच पद्धतीने तपासले गेले.

पाणी पोहण्याजोगे आहे का, हे मात्र शेवाळाला विचारू नये. त्यासाठी जिवाणूंचीच चाचणी करावी लागते.