औषधाला वास कसा नाही?

पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात झुरळं मारणं एक वेळ सोपं; औषध मारलंय हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं महाकठीण. पंपाने फवारायचो तेव्हा बरं होतं. डोळे चुरचुरले, घरभर वास सुटला, की पैसे वसूल. जेलचं तसं नाही. बिजागरीपाशी, ट्रॉलीच्या कोपऱ्यात मसुराएवढे ठिपके दिले की काम संपलं. दादरच्या एका आजींनी चहा दिला आणि हळूच विचारलं, "बाळा, तुमचा साहेब यात पाणी घालतो का रे?"

आमच्यातले काही चतुर मग निघताना मोरीत वासाचं औषध शिंपडतात. मोरीत एक वेळ खपून जातं. ओट्यापाशी मारलं तर झुरळ बिथरतं, फटीत आणखी खोल घुसतं आणि जेलकडे फिरकतही नाही.

खरं काम टॉर्चचं. मोठं, तांबूस-तपकिरी, चारेक सेंटिमीटरचं दिसलं तर ते 'अमेरिकन'. चेंबर-गटारातून वर येतं, बारीक जाळी बसवली की बरंचसं भागतं. धास्ती 'जर्मन'ची. जेमतेम दीड सेंटिमीटर, डोक्यामागे दोन काळ्या समांतर रेघा. मादी अंड्यांची कुपी पोटामागे अडकवूनच हिंडते, पिल्लं निघायच्या सुमारास टाकते. एका कुपीत साधारण 30 ते 40 अंडी.

आणि हे सगळं "शेजाऱ्यांकडून येतं" बरं का! ठाण्याच्या एका घरात असंच ऐकलं. स्वयंपाकघर आरशासारखं लख्ख, ट्रॉल्यांमागेही काही नाही. शेवटी ओट्यावरचा मिक्सर उलटा केला. तळाच्या झरोक्यांभोवती मिरपूड सांडल्यासारखी विष्ठा. टॉर्च धरला तशा आतून मिशा हलल्या. मोटारची ऊब आणि सांडलेलं वाटण, त्यांना आणखी काय हवं? वहिनी किंचाळल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आत्ताच चटणी वाटली यात."

जेल लावल्यावर भांडी घासणाऱ्या मावशी दुसऱ्या दिवशी ठिपके पुसून टाकतात, हे नेहमीचंच. पण कधी कधी झुरळच जेलमधल्या आमिषाला नाक मुरडतं. कीटकशास्त्रज्ञ ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी फ्लोरिडातली अशी जर्मन झुरळं 1993 मध्ये जगापुढे आणली. ती आमिषातलं ग्लुकोज टाळत होती. 2013 मध्ये त्याचं कारण कळलं: ग्लुकोज चाखलं की त्यांच्या कडू चव ओळखणाऱ्या पेशीच जाग्या होतात. गोडावर जी भुलत होती ती मेली, न भुलणाऱ्यांचा वंश वाढला. म्हणून ठिपके शिवलेले दिसले नाहीत, तर आम्ही डोस वाढवत बसत नाही, जेलच बदलतो.

सगळ्यात जास्त फोन मात्र जेल लागू पडल्यावर येतात. "अहो, तुमच्या औषधाने झुरळं वाढली की! दिवसाढवळ्या फिरतायत!" विष भिनलेलं झुरळ झिंगत उजेडात येतं. त्याची विष्ठा आणि मढं खाऊन फटीतली बाकीचीही मरतात. हे फोनवर समजावताना पलीकडून हमखास फुस्स, फुस्स ऐकू येतं. दुकानातून आणलेला स्प्रे.

"ताई, तेवढं थांबवा. ओट्याखाली मारलाय का?"

"सगळीकडे मारलाय. आता कसा वास येतोय बघा!"