टोपली विणायला शिकवता येतं, पण स्वप्न?

पाणी भरलं तरी गळत नाही अशी टोपली कधी पाहिलीये का? अमेरिकेत, उत्तर कॅलिफोर्नियातले पोमो आदिवासी अशा टोपल्या विणायचे. ओकच्या फळांचं पीठ पाण्यात कालवून त्यात तापवलेले दगड टाकले, की लापशी टोपलीतच शिजायची!

मेबल मॅके (१९०७-१९९३) या पोमो टोपल्यांच्या नामवंत विणकर. पिसं गुंफलेल्या त्यांच्या टोपल्या आज संग्रहालयांत आहेत. पण त्यांची ओळख एवढीच नव्हती. त्या आजाऱ्यांवर उपचार करायच्या, आणि पोमो लोकांमधल्या शेवटच्या ‘ड्रीमर’ मानल्या जातात. ड्रीमर म्हणजे ज्यांना स्वप्नातून मार्गदर्शन मिळतं असे आध्यात्मिक पुढारी. पोटासाठी मात्र त्यांनी सफरचंदं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात काम केलं.

टोपली आणि स्वप्नाचा संबंध काय?

काय विणायचं हे आपल्याला स्वप्नातून कळतं, असं मेबल सांगायच्या. त्यामुळे त्यांच्यासाठी टोपली ही नुसती शोभेची वस्तू नव्हती. ती विणताना प्रार्थना असायची, पाळायचे नियम असायचे.

मग परंपरा टिकली का?

थोडी टिकली, थोडी नाही. विणकाम मेबल यांनी अनेकांना शिकवलं. पण स्वप्न कुणाला शिकवता येत नाही. ते पडावं लागतं, असं त्या मानत. त्यांची जीवनकहाणी लेखक ग्रेग सॅरिस यांनी १९९४ मध्ये पुस्तकात मांडली. पुस्तकामुळे आठवणी राहिल्या, ड्रीमरची जागा मात्र रिकामीच राहिली.

आता अडचण कसली?

टोपलीसाठी विलोच्या काड्या लागतात आणि नदीकाठच्या लव्हाळ्यासारख्या गवताची लांब मुळं. सोनोमा परगण्यात धरण बांधताना अशा गवताची जागा पाण्याखाली जाणार होती, म्हणून रोपं उपटून दुसरीकडे लावावी लागली. बाकी ठिकाणी खाजगी कुंपणं आहेत. शिवाय मुळं आणि काड्या सोलताना विणकर त्या दातात धरतात; रस्त्याकडेला तणनाशक फवारलं असेल तर ते थेट तोंडात जातं. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आदिवासी विणकरांनी संघटना उभारली, तेव्हा फवारणी आणि जमिनीवर जायचा हक्क हेच कळीचे मुद्दे होते.

संग्रहालयातली टोपली काचेआड सुरक्षित आहे. पुढची टोपली विणायची, तर आधी नदीकाठ वाचायला हवा.